सुताराच्या बोटाची खूण

सर्वोच्च न्यायालयात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून नामांकित वकिलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, खिडकीबाई. न्यायालयाचं कामकाज घरोघरी थेट दिसायला लागलं तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकोनी खिडकी आली, आणि त्या खिडकीत ही बाई आली. काळे कपडे, केस मागे घट्ट बांधलेले, बोटांत अंगठी नाही, मनगटात काही नाही, आणि हात सतत चाललेले. वर वकील बोलायचे, खाली ती तेच कर्णबधिर लोकांसाठी खुणांच्या भाषेत सांगायची. ऐकू येणाऱ्यांच्या लेखी ती असून नसल्यासारखी. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यासाठी मात्र अख्खा पडदा म्हणजे तेवढी खिडकीच. वरचे ते सगळे डगलेवाले नुसते ओठ हलवत बसलेले.

गंमत म्हणजे खिडकीबाईच्या खोलीला खिडकी नव्हती. मुख्य दालनाच्या मागे, पूर्वी जिथे मोडक्या खुर्च्या टाकत, तिथे एका भिंतीला निळा रंग मारून तिची खोली केली होती. समोर दोन प्रखर दिवे, तिकाटण्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर वाटाण्याएवढा लाल दिवा. तो लागला की खिडकी उघडली. दिव्यांची धग अशी, की ऐन थंडीतही तिची पाठ ओली व्हायची. तिच्या जोडीला मास्तर होते, कर्णबधिरांच्या शाळेतून निवृत्त झालेले. तिचे हात भरून आले की मास्तर उभे राहायचे आणि ती कॅमेऱ्याच्या खाली स्टुलावर बसून त्यांचा सुटलेला शब्द पुरवायची. मास्तर थकले की उलट.

त्या खोलीत एक नियम होता, भिंतीवर कुठे न लिहिलेला. दुभाष्याने स्वतः तिथे असायचं नाही. वकील म्हणाला 'मी', की तिनेही 'मी' म्हणायचं, आणि ती तेवढ्यापुरती तो वकील. सरकारी वकील खांदे पाडून, शब्द मोजून बोलायचा, तर तिचेही खांदे पडायचे. समोरची वकील तावातावाने बोलायची, तर हिचेही हात तापायचे. काही गाळायचं नाही, काही पदरचं घालायचं नाही.

हा नियम तिला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवला नव्हता. तो ती घरी शिकली होती, एक चपराक खाऊन.

तिचे आईवडील दोघेही जन्मापासून कर्णबधिर. वडील सुतार, आई पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवणारी. घरात ऐकू येणारी ही एकटी, त्यामुळे बोलायला लागली तेव्हापासून ती घराचं दार, फोन आणि वकील. डॉक्टरकडे तीच, घरमालकाकडे तीच. एकदा शेजारीण लाकडाच्या भुशावरून भांडायला आली आणि म्हणाली, "तुझा बाप बिनडोक आहे, सांग त्याला." पोरीने हातांनी तंतोतंत सांगितलं. बापाने जे उत्तर दिलं तेही तिने शेजारणीला तंतोतंत ऐकवलं, आणि शेजारणीने तिच्याच कानाखाली वाजवली. गाल चोळत ती घरात आली तेव्हा बाबांनी विचारलं, "काही गाळलंस का?" ती म्हणाली, "नाही." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग शाबास."

त्या घरात तिचं नाव वेगळंच होतं. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण मिळते, तेच त्याचं नाव. पाळण्यात असताना ती कुणीही वाकून बघितलं की भुवया वर करायची. म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं एका बोटाने भुवई उचलल्याची खूण. भुवई. आई अजूनही तिला हाक मारताना तसं करते.

बाबांच्या त्या बोटाची पण एक गोष्ट आहे. उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर कारखान्यातल्या गोल करवतीने नेलेलं. त्यामुळे त्यांच्या सगळ्या खुणा जरा आखूड. एखाद्याचं बोलणं बोबडं असतं, तसे त्यांचे हात बोबडे. आणि मुलगी भाषा शिकली ती त्याच हातांकडे बघून. तिचं बोट चांगलं धडधाकट, पण खूण करताना ती ते पहिल्या पेरापाशी वाकवायची. मोठेपणी मास्तरांनी बरंच सरळ करून घेतलं. तरी घाईत बोट वाकायचंच. ओळखीचे लोक पडद्यावर बघून म्हणायचे, "ही त्या सुताराची पोर दिसतेय."

तर त्या वर्षी सरकारने मुदतवाढीचा कायदा केला.

सरकारची मुदत संपत आली होती. निवडणूक तोंडावर होती. परिस्थिती बरी नाही असं सांगून संसदेने एका बैठकीत साधा कायदा केला आणि स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली. काही नागरिक न्यायालयात गेले. प्रश्न सोपा होता आणि अवघडही. घटनेने घालून दिलेली मुदत संसदेला साध्या कायद्याने लांबवता येते का? आणि नसेल, तर निवडून आलेल्या संसदेला अडवण्याचा हक्क निवडून न आलेल्या न्यायाधीशांना कुणी दिला? न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे तेच. जो तो घटनातज्ज्ञ झाला होता.

खिडकीबाईची अडचण वेगळी होती. खुणांच्या भाषेत 'घटना' याला धड खूणच नव्हती. एकेक अक्षर बोटांवर काढावं लागे, आणि वकील तर दर वाक्यात तो शब्द चारदा घेणार. म्हणून सुनावणीआधी मास्तर आणि ती कर्णबधिर मंडळाच्या खोलीत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती लांबट खोली, लाकडी बाकं, एक जुना पडदा. मंडळींनी खूप खुणा सुचवल्या. कुणी मोठं पुस्तक दाखवलं. कुणी सिंहासन दाखवलं, त्यावर सगळ्यांनी त्याला उडवून लावलं. बाबा कोपऱ्यात बसून मजा बघत होते. मग त्यांनी पिशवीतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे सुताराची काटकोनाची पट्टी. लाकूड काटकोनात कापलं गेलंय की नाही, हे ती लावल्याशिवाय कळत नाही.

बाबांनी तो बाकाच्या कोपऱ्याला लावला आणि हातांनी म्हणाले, "लाकूड कुणाचं ते हा विचारत नाही. राजाचा पलंग असो की माझा स्टूल. लावायचा आणि बघायचं. बसला तर बसला."

"आणि नाही बसला तर?" मास्तरांनी विचारलं.

बाबांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि पट्टी आणि लाकडामधल्या फटीतून बघितलं. "तर मधून उजेड दिसतो."

खूण ठरली. अंगठा आणि तर्जनीचा काटकोन, तो दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या कडेला लावायचा. ही घटना. आणि काटकोन लावून, एक डोळा मिटून फटीतून बघायचं, हे घटनाबाह्य. सगळ्यांनी करून बघितली. आई म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, आज पहिल्यांदा तुमच्या पिशवीतून काही कामाचं निघालं."

सुनावणीच्या दिवशी नागरिकांची वकील उठली आणि ठणकावून म्हणाली, "हा कायदा घटनाबाह्य आहे." खिडकीत काटकोन लागला, मान तिरकी झाली, एक डोळा मिटला.

दुपारपर्यंत तेवढाच तुकडा कुणीतरी कापून, आवाज काढून, गोल गोल फिरवत सगळ्यांच्या फोनवर धाडला होता. सरकारचं नाव निघतंय आणि न्यायालयाच्या कोपऱ्यातली बाई डोळा मारतेय! सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता संध्याकाळच्या बातम्यांत लालबुंद झाला. "न्यायालयाच्या पडद्यावरून सरकारची टिंगल चालली आहे. ही बाई न्यायालयाची नोकर आहे की विरोधकांची नटी?" त्यांच्या पक्षाने रीतसर आक्षेप दाखल केला. दुभाषीचे हावभाव पक्षपाती आहेत, खिडकी बंद करावी.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला सलाम ठोकून डोळा मारला. कॅन्टीनवाली म्हणाली, "बाई, तुमचा तो एक डोळा सरकारला महागात पडणार बघा." ती हसली. पण खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

निबंधकबाईंनी तिला बोलावून घेतलं. न्यायालयाचा कारभार बघणाऱ्या या बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. टेबलावर फायलींचे मनोरे, मधे त्यांचा थकलेला चेहरा.

"मला माहीत आहे तुम्ही डोळा मारलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण मला कागदावर काहीतरी उत्तर द्यायचंय. निकालाच्या दिवशी अख्खा देश बघणार. एक मधला मार्ग आहे. हात चालू द्या. चेहरा कोरा ठेवा."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे भुवया नाहीत, डोळे नाहीत, तोंड वाकडं करणं नाही. बातम्या देणाऱ्यांसारखा. नाहीतर समितीचा अहवाल येईपर्यंत खिडकी बंद. आणि समिती म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. त्या इमारतीत समितीकडे गेलेली वस्तू फारशी परत येत नसे. उद्या दुपारपर्यंत सांगते म्हणून ती निघाली.

घरी आई शिवणयंत्रावर होती, बाबा दाराच्या फळीत बिजागरीची खाच तासत बसले होते. तिने दोघांना समोर बसवलं. "बघा हं," म्हणाली, आणि चेहरा दगडासारखा करून सरकारी वकिलाच्या युक्तिवादाची चार वाक्यं हातांनी सांगितली.

आई आधी बाबांकडे बघायला लागली. मग तिने विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. मी वकिलाचं सांगतेय."

"तो विचारतोय का सांगतोय?" बाबा म्हणाले. "कायदा चालतो म्हणतोय का चालेल का म्हणून विचारतोय?"

"विचारतोय."

"मग भुवया कुठे गेल्या?"

तिने परत केलं. परत चेहरा कोरा. आई म्हणाली, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय. बरं, भिंतीला निदान रंग असतो." दोघं हसत सुटले. तिलाही हसू आलं आणि चेहरा मोडला, तशी आई टाळी देत म्हणाली, "हां, आत्ता आलीस! मघाची बाई कोण होती?"

मग तिने सगळं सांगितलं. आक्षेप, निबंधकबाई, कोरा चेहरा. बाबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पटाशी बाजूला ठेवली, हात झटकले, आणि कधी न काढलेली गोष्ट काढली.

बोट गेलं तेव्हा ते विशीत होते. कारखान्याच्या मालकाशी खटला झाला. करवतीवर बोटं वाचवणारी जाळी नव्हती, चूक कुणाची एवढाच प्रश्न. न्यायालयात त्यांच्यासाठी एक जण उभा केला होता, कारखान्याच्याच ओळखीचा, त्याला चार खुणा येत होत्या. न्यायाधीश बोलायचे, तो माणूस काहीतरी हात हलवायचा, काही कळायचं, बरंचसं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. खोली मोठी, माणसं मोठी. त्यांनी मान डोलावली. परत काहीतरी विचारलं, परत मान डोलावली. बाहेर आल्यावर कळलं, जाळी मी स्वतःच काढली होती असं त्यांनी कबूल केलं होतं.

"कोर्टात माझी मान हलली," बाबा म्हणाले, आणि आपलं आखूड बोट छातीवर टेकवलं. "पण 'हो' मी म्हटलं नव्हतं."

आई शिवणयंत्राकडे बघत होती. तिला ही गोष्ट माहीत होती हे तिच्या न बघण्यावरूनच कळत होतं.

सकाळी न्यायालयात पोचल्यावर तिने आधी मास्तरांना गाठलं. मास्तर मऊ माणूस. त्यांनी रात्रभर विचार करून ठेवला होता.

"हे बघ पोरी, तुला जमत नसेल तर मी करतो," ते म्हणाले. "कोरा तर कोरा. काहीच नसण्यापेक्षा अर्धं बरं. एवढी वर्षं झगडून ही खिडकी मिळवली आपण. हट्टापायी घालवायची?"

"अर्धं बरं नाही, मास्तर."

"का नाही? उपाशी माणसाला अर्धी भाकरी..."

"हे भाकरीसारखं नाही हो. काहीच समजलं नाही तर माणूस उठून ओरडतो, मला समजत नाही म्हणून. अर्धं समजलं की तो मान डोलावतो. लोकांना वाटतं याला समजलं. त्यालाही वाटतं आपल्याला समजलं असावं." तिचा आवाज चढला होता. "खिडकी बंद असली तर ती बंद आहे हे दिसतं तरी."

मास्तरांनी स्टूल पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "आणि खरंच बंद झाली तर तुझा बाप मला करवतीखाली घालील."

"तुम्हाला नाही, मला. तुम्ही या माझ्याबरोबर."

निबंधकबाईंसमोर ती उभीच राहिली. म्हणाली, "कोऱ्या चेहऱ्याने मी काम करणार नाही. ते भाषांतर खोटं होईल, आणि खरं भाषांतर करीन अशी शपथ मी याच इमारतीत घेतली आहे. सरकारी वकील सरकारच्या बाजूने बोलतो तेव्हा माझा चेहरा सरकारच्या बाजूने असतो, त्याचा तुकडा कुणी फिरवला नाही. खिडकी बंद करायची तर करा. पण त्या जागी काळा चौकोन ठेवा. तिथे काहीतरी होतं हे लोकांना दिसू दे."

"म्हणजे तुम्ही न्यायालयाला अटी घालताय?" निबंधकबाईंनी चष्मा काढला.

"नाही बाई. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं."

"मास्तर, तुम्ही कराल?"

मास्तरांनी घसा खाकरला. "मला कोरा चेहरा येत नाही हो. प्रयत्न केला आरशात. बायको घाबरली."

निबंधकबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "ठीक आहे. हा निर्णय माझ्या अधिकारातला नाही. तुम्ही जे बोललात ते मुख्य न्यायाधीशांच्या कानावर घालते. आहे तसं. गाळणार नाही, पदरचं घालणार नाही."

"आमचाही तोच नियम आहे," खिडकीबाई म्हणाली.

निकालाच्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही. काळे कपडे घालून ती निळ्या भिंतीसमोर उभी राहिली. दिवे लागले. कानात मुख्य दालनातली कुजबुज, खुर्च्या सरकल्याचे आवाज. लाल दिवा विझलेला. मास्तर स्टुलावर बसून त्या वाटाण्याकडे असे बघत होते, जणू डोळ्यांनीच पेटवणार. मंडळाच्या खोलीत आईबाबा, सगळी मंडळी पडद्यासमोर बसली असतील. त्यांना आत्ता काळा चौकोन दिसत असेल. तिने हात मांडीवर पुसले.

दालनात सगळे उठले, सगळे बसले. आणि दिवा लागला.

मुख्य न्यायाधीशांचा कोरडा, संथ आवाज कानात आला. "निकालाआधी एक छोटी बाब. या न्यायालयाच्या दुभाषीच्या हावभावांबद्दल एक आक्षेप आमच्यासमोर आहे."

तिचे हात उठले. ती आता मुख्य न्यायाधीश होती, आणि मुख्य न्यायाधीश एका बाईबद्दल बोलत होते. नियमाप्रमाणे 'मी' म्हणायचं नव्हतं. तिने समोर उजवीकडे हवेत एक जागा दाखवली, दुभाषी ती तिथे आहे असं ठरवलं, आणि त्या रिकाम्या जागेकडे न्यायाधीशाच्या नजरेने बघितलं.

"त्या दुभाषीचं म्हणणं आम्ही ऐकलं," आवाज पुढे म्हणाला. "आम्ही या भाषेच्या जाणकारांनाही विचारलं. चेहरा हा या भाषेत वागणुकीचा भाग नाही, वाक्याचा भाग आहे. आमच्यासमोर येणारा माणूस कुठल्या भाषेत समजून घेतो हे आम्ही विचारू शकतो. त्या भाषेतले अर्धे शब्द आम्ही काढून घेऊ शकत नाही. न्याय मिळाला हे माणसाला समजण्याचा हक्कही घटनेतलाच आहे. आक्षेप फेटाळला."

तिने शेवटचा शब्द हातांनी झटकून टाकला, न्यायाधीशाच्या चेहऱ्याने, जराही न हसता. मास्तर मात्र स्टुलावर बसल्या बसल्या रडत होते, आणि सुटलेला शब्द पुरवण्याच्या कामाचे अजिबात नव्हते.

मग निकाल. पाचांपैकी चार न्यायाधीशांचं मत एक. लोकांनी दिलेला अधिकार ठरलेल्या मुदतीचा असतो. ज्याचं माप घ्यायचं त्याने पट्टी लांब करून घ्यायची नसते. मुदतवाढीचा कायदा... तिने काटकोन लावला, मान तिरकी केली, एक डोळा पूर्ण मिटला. घटनाबाह्य.

पण पाचवे न्यायाधीश राहिले होते, आणि त्यांचं मत विरुद्ध होतं. दालनातले पत्रकार तोवर धावत बाहेर गेले होते. बाहेरून जल्लोषाचा आवाज येत होता. वयोवृद्ध न्यायाधीश जड आवाजात वाचत होते, ऐकणारे थोडेच. तिचे हात भरून आले होते आणि मास्तर उठण्याच्या अवस्थेत नव्हते. ती उभी राहिली. तिने पाठ जराशी वाकवली, हात जड केले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाचं एकेक वाक्य पूर्ण सांगितलं. आम्हाला कुणी निवडून दिलेलं नाही. संसद चुकली तर तिला धडा शिकवायचा हक्क लोकांचा आहे. आज आम्ही चांगल्या कारणासाठी संसदेला अडवलं, उद्या दुसरे न्यायाधीश वाईट कारणासाठी अडवतील, तेव्हा कुणाकडे जाल? तिच्या चेहऱ्यावर त्यांची काळजी होती, खरीखुरी. तिचं स्वतःचं मत काय होतं ते त्या खोलीत कुठेही नव्हतं.

लाल दिवा विझला तशी ती निळ्या भिंतीला टेकली. मास्तरांनी स्टूल पुढे केला. "बस. आज तू मुख्य न्यायाधीशही झालीस आणि विरोधकही. मी नुसता डोळे पुसत राहिलो."

दुपारी दोघं मंडळाच्या खोलीत गेले. जिन्यापासून गर्दी. ती दारात दिसली मात्र, सगळ्या खोलीने हात वर करून हलवले. कर्णबधिरांची टाळी अशीच असते, बिनआवाजाची, आणि डोळे भरून येतील इतकी मोठी. तिने लाजून मास्तरांना पुढे ढकललं.

बाबा गर्दीतून वाट काढत आले. चेहऱ्यावर खोटा राग. "काय गं! त्या पाचव्या म्हाताऱ्याचं कशाला एवढं चांगलं सांगितलंस? निम्मं बघून मला त्याचंच पटायला लागलं होतं!"

"मग?"

"मग काय? चौघांचं आठवलं. लोकांनी धडा शिकवायचा तो निवडणुकीत, आणि यांनी निवडणूकच ढकलली होती. पण थोडा वेळ घाम फुटला मला." त्यांनी दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. मग हात सोडून, लहानपणी विचारायचे तसं विचारलं, "काही गाळलंस का?"

"नाही."

"शाबास."

आई मागून आली आणि एका बोटाने स्वतःची भुवई उचलून तिला हाक मारली. ती वळली. आई जिन्याजवळ बसलेल्या कॉलेजच्या चार मुलींकडे बोट दाखवत होती. मुली निकालावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. हात नुसते उडत होते. एक म्हणत होती न्यायाधीशांनी मर्यादा ओलांडली, दुसरी म्हणत होती डोकं ठिकाणावर आहे का तुझं. आणि दर वाक्यात घटना, घटना, घटना. अंगठा आणि तर्जनीचा काटकोन, तळव्याच्या कडेला. चौघींच्याही हातांवर पाची बोटं शाबूत, आणि चौघींचीही तर्जनी पहिल्या पेरापाशी वाकलेली.

बाबा बघतच राहिले. मग न राहवून मुलींसमोर जाऊन उभे राहिले. "बोट वाकडं का करता?"

एका मुलीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू अक्षर कसं काढायचं तेच विचारलंय. "काका, खूणच अशी आहे. सगळे अशीच करतात. तुम्ही खिडकी बघत नाही का?"

मागच्या बाकावरचा एक जण, शेजारच्या गावाहून आलेला, मान हलवत म्हणाला, "आमच्याकडेही अशीच करतात."

बाबा परत आले. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, ती आखूड तर्जनी उलटसुलट करून बघितली. खिडकीबाई त्या मुलींकडे जायला निघाली, त्यांना सांगायला, की हे बोट कुणाचं, कुठून आलं. बाबांनी तिचा दंड धरला.

"सांगू नकोस."

"का?"

"खूण आता त्यांची झाली. कशाला कुणाचं बोट?"

आईने कपाळाला हात लावला आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "बघा हो यांना. एकीकडे सांगू नको म्हणतायत, आणि मघापासून तेच बोट वर करून अख्ख्या खोलीला दाखवत फिरतायत."